एका पट्टीला बांधलेल्या चौघी

परवा भिवंडीच्या बाजारात कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला आणि मला शाळेचं मैदान आठवलं. तिथे मी मुलींना फुटबॉल शिकवायचे. बचावातल्या चौघी चेंडू दिसला की एकदमच त्याच्यामागे धावायच्या आणि मागे गोल उघडा पडायचा. आम्ही सारखे हरत होतो. गोलकीपर शबाना रडकुंडीला आली होती.

मग मी एका लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, कापडाची लांब पट्टी आणली, चौघींना कमरेला एकमेकींशी बांधलं आणि सांगितलं, "आता जायचं ते मिळूनच."

पहिल्याच धावेत चौघी धुळीत आडव्या झाल्या. हसू आवरेना.

"मॅडम, ही कविता कुठं चालली ते सांगत न्हाय, नुसती ओढते," चौघींतली वनिता म्हणाली.

"मग विचार तिला, कुठे निघालीस म्हणून."

तेव्हा मला पट्टीचं कौतुक होतं. आज वाटतं, त्या बोलायला लागल्या, तिथेच जमलं.

खारबावच्या मुलींशी सामना झाला तेव्हा पट्टी नव्हती. तरी चौघी एकमेकींना हाका मारत एका रांगेत सरकत राहिल्या. आम्ही एका गोलने जिंकलो. सगळ्या नाचत होत्या. शबाना तेवढी तोंड फुगवून आली.

"मॅडम, बॉल माझ्याकडे आलाच नाही. मी काय नुसती उभी राहू?"