सुवार्ताच्या डोक्यावर कोणाचा हात

जेवण झाल्यावर मी चटईवर आडवी झाले आहे. जानेवारीचं ऊन खिडकीतून येऊन पायांवर पडलं आहे. शेजारच्या अंगणात कोणीतरी गहू पाखडतंय. सुपाचा आवाज आधी जवळ असतो, मग लांब जातो, मग माझ्या श्वासाला लागून चालू लागतो. मी अजून पुरती झोपलेली नाही. सकाळचं फोनवरचं बोलणं डोक्यात फिरतंय.

“आई, उद्या येणार ना तू?” सुवार्ताने विचारलं होतं.

“बघते,” मी म्हणाले होते.

उद्या माझ्या मुलीची पाळकदीक्षा आहे. आमच्या लुथरन ख्रिस्ती मंडळीत एक बाई पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते आहे, ही काही लहान गोष्ट नाही. पण तिच्या डोक्यावर हात ठेवणार आहेत बिशप रणभिसे, आणि याच रणभिसेंनी तिच्या वडिलांचा पाळकपणा काढून घेतला होता.

तेव्हा डोंगरातल्या वस्त्यांना पाळक नव्हता. सायमन कासदेकर तिथे उपदेशक होता. घरोघर जायचा, प्रार्थना घ्यायचा, माणसं पुरायचा. पण दीक्षा नव्हती म्हणून त्याला प्रभुभोजन, वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस, देता येत नव्हतं. सिनडने, म्हणजे सगळ्या मंडळ्यांच्या सभेने, नुकताच ठराव केला होता की यापुढे दीक्षा देतील ती फक्त बिशप. बिशप ‘येतो, येतो’ म्हणत राहिले. शेवटी ह्यांनी, सुवार्ताच्या वडिलांनी, दोन जुन्या पाळकांना बोलावलं आणि भरल्या मंडळीसमोर तिघांनी सायमनच्या डोक्यावर हात ठेवले. ह्यांच्या स्वतःच्या डोक्यावरही त्यांच्या वेळी पाळकांनीच हात ठेवले होते. बिशपांनी ती दीक्षा खोटी ठरवली, सायमनला पुढे स्वतः पुन्हा दीक्षा दिली, आणि ह्यांना परत कधी वेदीपाशी उभं राहू दिलं नाही.

ह्यांना जाऊन आता चार वर्षं होतील. ह्यांना वेदीवरून उतरवलं तेव्हापासून कुरळीच्या आमच्या चर्चमध्ये मी पाऊल टाकलेलं नाही. ह्यांची शेवटची प्रार्थनासुद्धा मी घरच्या अंगणात करून घेतली.

सूप थांबतं.

स्वयंपाकघरातून तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्याचा आवाज येतो. मी उठते, किंवा न उठताच तिथे पोचते. हे पाटावर बसले आहेत. पुढ्यात परात आहे. अंगात उपासनेचा पांढरा झगा, आणि दाणे सांडू नयेत म्हणून झग्याची बाही कोपरापर्यंत वर केलेली.

“अहो, कधी आलात?”

“आत्ताच. तू झोपली होतीस, उठवलं नाही.”

हे गेलेले आहेत हे मला ठाऊक आहे. त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते झग्याचं.

“हा घालायला परवानगी आहे तुम्हांला?”

“तिकडे कोणी विचारत नाही,” हे म्हणतात आणि एक किडका दाणा बाजूला ठेवतात. “बस. थोड्या तू सोल.”

मी बसते. शेंगा थंडगार आहेत.

“उद्या सुवार्ताची दीक्षा आहे,” मी सांगते.

“हो.”

“रणभिसे देणार आहेत.”

“मग बिशप तेच आहेत. दुसरं कोण देणार?”

“तुम्ही असं म्हणता?”

हे परात उचलतात आणि उठतात. मी त्यांच्या मागून जाते. फळीवरच्या डब्यांची रांग संपत नाही, डब्यांच्या जागी बाकं येतात, आणि आम्ही कुरळीच्या चर्चमध्ये मधल्या वाटेने चाललो आहोत. छतावरच्या कौलांतून उजेडाच्या पट्ट्या खाली आल्या आहेत. वेदीपुढे सायमन गुडघे टेकून बसला आहे. त्याच्या मानेवर घाम आहे. डोक्यावर तीन हात आहेत आणि मनगटांच्या पुढे माणसं दिसत नाहीत. तरीही मधला हात ह्यांचा, हे मी ओळखते. त्या अंगठ्याचं नख विळ्याने कापलेलं आहे.

हे मात्र माझ्या शेजारी उभे आहेत, परात घेऊन.

“तुम्हांला एक विचारायचं राहिलं होतं,” मी हळू बोलते, कारण उपासना चालू आहे. “हा सायमन दुसऱ्यांदा, आता बिशपांपुढे, गुडघे टेकायला गेला, तेव्हा तुम्हांला काय वाटलं?”

“वाईट वाटलं.”

“एवढंच?”

“खूप वाईट वाटलं. म्हणजे आपण ठेवला तो हात नव्हताच, असं झालं ना. रात्रभर पडून होतो, तू पाहिलं आहेस.” हे सायमनकडे बघत राहतात. “मग पावसाळ्यानंतर तो डोंगरात गेला आणि वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्याने प्रभुभोजन दिलं. मला येऊन सांगितलं, एक आजी भाकर हातात घेऊन रडत बसली, खाईचना. ते ऐकलं आणि मग वाईट वाटायचं थांबलं.”

“माझं नाही थांबलं.”

“माहीत आहे.”

सायमन उठतो आणि तिकिटाचे पैसे सुटे द्या म्हणतो. आम्ही एसटीत आहोत. खिडकीबाहेर मोहाची झाडं मागे पळताहेत. पलीकडच्या आसनावर बिशप रणभिसे बसले आहेत, हल्ली दिसतात तसेच, थकलेले, कानात यंत्र घातलेले. त्यांची ती बिशपपदाची, मेंढपाळासारखी उंच काठी कुठेच मावत नाही. वरच्या फळीवर आडवी बसत नाही, दोन आसनांमध्ये उभी राहत नाही.

“द्या इकडे,” हे म्हणतात आणि काठी स्वतःच्या गुडघ्यांत धरतात.

मला ते आवडत नाही. मी तोंड फिरवून बाहेर बघते.

“वहिनी,” बिशप म्हणतात. ते आणि हे एकाच वर्षी सेमिनरीत, पाळकांच्या विद्यालयात, होते, त्यामुळे भांडणाच्या दिवसांतही ते मला वहिनीच म्हणायचे. “मला काठीची हौस नव्हती. प्रत्येक मंडळी आपापला पाळक करू लागली, तर उद्या भाऊ भावाला दीक्षा देईल, सासरा जावयाला देईल. आमची ही एवढीशी मंडळी. तिचे चार तुकडे झाले असते. कोणीतरी एकाने हात ठेवायचा म्हणजे सगळे एका घरातले राहतात. एवढंच माझं म्हणणं होतं.”

“आणि तुम्ही येईपर्यंत डोंगरात माणसं प्रभुभोजनावाचून मेली,” मी म्हणते. हे जन्मभर बोलायचं राहिलेलं वाक्य आहे. स्वप्नात ते सहज येतं, आवाजही चढत नाही.

बिशप यंत्र नीट करतात. त्यांना ऐकू आलेलं आहे.

“मेली,” ते म्हणतात. “हो. मी आधी जायला हवं होतं.”

गाडी घाट चढते. मग मी ह्यांच्याकडे वळते.

“मग खरं कोणाचं होतं? मला एकदा सांगून टाका. मी उद्या तिथे जाऊन बसले, तर तुमचं खोटं होतं असं होईल.”

“मी बिशप नकोत असं कधी म्हणालो होतो का?”

“नाही.”

“त्यांचा हात पोकळ आहे असं म्हणालो होतो?”

“नाही.”

“मी म्हणालो, देव त्यांच्या हातावाचून अडत नाही. एवढंच. उद्या त्यांचा हात पोरीच्या डोक्यावर पडेल, आणि देव त्या हातावाचूनही अडला नसता, आणि त्या हातामुळेही अडणार नाही.” हे काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतात. “तू माझी बाजू फार दिवस धरून बसलीस, रूथ. मला बरं वाटायचं. पण बाजू धरायला मी आता तिथे नाही.”

“तुम्हांला नुसतं मागच्या बाकावर बसवलं त्यांनी.”

“मागच्या बाकावरूनही ऐकू येतं. सुवार्ता पहिल्यांदा शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली ना, ते मी मागूनच ऐकलं. तू नव्हतीस.”

ह्यांच्या बोलण्यात ठपका नाही. म्हणूनच ते मला लागतं.

गाडी थांबलेली आहे. उतरायला पायरी आहे ती जुन्या पाळकघराच्या ओसरीची. थंडी आहे, सकाळ आहे, चर्चची पहिली घंटा झाली आहे. सुवार्ता सात-आठ वर्षांची आहे आणि माझ्या दोन गुडघ्यांमध्ये पाठमोरी बसली आहे, केस मोकळे सोडून. वाटीतलं खोबरेल थिजलं आहे. मी बोटाने एक गोळा काढते आणि दोन्ही तळव्यांत चोळते. तो हळूहळू विरघळतो.

“आई, लवकर. दुसरी घंटा होईल.”

“होऊ दे.”

मान वर करते तर ओसरीखाली सगळे उभे आहेत. बिशप, सायमन, ते दोन जुने पाळक, आणि हे. सगळे टोप्या काढून, हात पुढे बांधून, वाट बघत असल्यासारखे. कोणाला कोणाच्या पुढे जायची घाई नाही.

“या ना,” मी म्हणते. “आता तेल लावून होतंच आहे.”

“होऊ दे तुझं,” हे म्हणतात. “तुझा हात आधीचा.”

मी तिच्या टाळूवर हात ठेवते. ती तान्ही असताना जिथे लुसलुशीत होतं, उडत होतं, ती जागा माझ्या तळव्याला अजून ठाऊक आहे. मी तेल जिरवते. टाळू गरम आहे. केसांच्या मुळांशी माझी बोटं जातात आणि मला वाटतं, काहीतरी म्हणायला हवं, अशा वेळी म्हणायचे शब्द असतात, हे आणि बिशप दोघंही तेच शब्द म्हणायचे. पण मला ते आठवत नाहीत. मी नुसती चोळत राहते.

“आई, जोरात नको,” सुवार्ता म्हणते, आणि तिचा आवाज आताचा आहे, मोठ्या बाईचा.

खिडकीतलं ऊन पायांवरून भिंतीवर गेलं आहे. शेजारी गहू पोत्यात भरताहेत. मी चटईवर उजव्या कुशीवर आहे. फोन वाजतो आहे.

“झोपली होतीस का?” सुवार्ता विचारते.

“हो. जरा डोळा लागला.”

“गाडी सकाळची आहे. तू येणार असशील तर सायमनकाका स्टँडवर थांबतील म्हणाले.”

“सांग त्यांना थांबायला.”

पलीकडून नाक ओढल्याचा बारीक आवाज येतो.

“सुवार्ता, हात ठेवताना घरच्यांना पुढे येऊ देतात का?”

“घरच्यांना? माहीत नाही गं. म्हणजे, पाळक असतात फक्त. बिशपसाहेबांना विचारावं लागेल.”

“विचार. नाही म्हणाले तरी मी येते.”

ती हसते, रडवेलं. फोन ठेवताना तो माझ्या हातातून निसटतो आणि चटईवर पडतो. मी उचलायला जाते तर पुन्हा निसटतो. तेव्हा मी हात उन्हात धरून बघते. माझ्या आजारपणात केस कापले तेव्हापासून मी डोक्याला तेल लावत नाही. घरात खोबरेलाची बाटलीसुद्धा नाही. माझा उजवा तळवा मनगटापर्यंत तेलाने चकाकतो आहे, आणि तेल अजून कोमट आहे.