भावोजींचं विलायती ऊन पाणी

बायांनो, आज महिला मंडळाच्या बाहेरच्या फळ्यावर सुविचार नाही. खडू हाती आहे तोवर सकाळचा प्रकार सांगते.

आमचे भावोजी बोटीवर आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे. महिनाभरासाठी घरी आलेत आणि रोज न्हाताना माझ्या पाणचुलीला नावं ठेवतात. "वैनी, काय हा धूर! लंडनात यंत्रात नाणं टाकलं की गॅस पेटतो. हॅम्बुर्गात तर नळ फिरवला की ऊन पाणी, खोल्यासुद्धा नळांनीच ऊबदार. कुणाला फुंकायला नको!"

इथे फुंकते मी. डोळे चुरचुरतात माझे. तीन आठवडे ऐकून घेतलं.

विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, म्हणून हंडा मुद्दाम रात्रभर अंगणात उघडा ठेवला. आज चूल पेटवलीच नाही.

पहिला तांब्या अंगावर घेतला आणि भावोजी असे किंचाळले की माडावरचे कावळे उडाले.

"वैनी, पाणी!"

"नळ फिरवा ना," मी म्हटलं. "आणि हॅम्बुर्गातलं पाणी तापतं तरी कशावर?"

"तळघरात बॉयलर असतो," दात वाजवत उत्तर आलं.

"मग त्यात कोळसा कोण घालतं?"

आगवाल्याने डोळे मिटून दुसरा तांब्या अंगावर ओतून घेतला.

उद्याही मी चूल पेटवणार नाही. जाळायला नारळाची सोडणं कोपऱ्यात आहेत, फुंकणी खुंटीला आहे.

तुमच्याकडे आज पाणचूल कुणी फुंकली, आणि आयतं न्हाऊन कोण गेलं? खाली नावानिशी लिहा. संध्याकाळी पुरुषमंडळी याच वाटेने जातात.