बसल्यावर दिसतं तेवढं गाव

नदीवरून बीड कुठून चांगलं दिसतं, असं मला कुणी विचारलं की मी आजही उखडतो. चांगलं दिसतं म्हणजे कुणाला, असं उलट विचारतो. पोरंसोरं म्हणतात, म्हातारा खडूस आहे. असू दे. या एका प्रश्नापायी मी एके काळी वेड्यासारखा बिंदुसरेच्या काठानं हिंडलोय, आणि पहिलं जे उत्तर काढलं ते साफ चुकलेलं होतं.

राज्य निजामाचं होतं. आमचा बाप मेंढरांमागं हिंडून गेला. मी कॅमेऱ्याच्या डबड्यामागं लागलो. औरंगाबादेच्या छावणीत एका फोटोवाल्याकडं राहून फोटोच्या काचा धुवायला शिकलो आणि गावी परत येऊन दुकान टाकलं. पाटील, देशमुख पागोटी घालून समोर बसायचे, मी काळ्या फडक्यात डोकं घालायचो. माय म्हणायची, "बाप मेंढरात डोकं घालायचा, तू फडक्यात घालतूस. उजेडात कवा येणार रं आपली जात?" माझी माय अशीच. तिच्या बोलण्याला धार होती, आणि ती धार माझ्यातही उतरलीय, हे मला मान्य आहे.

घरात आम्ही दोघंच. थोरली बहीण, माझी आक्का, लग्न होऊन हैदराबादेला गेलती. दाजी एका नवाबाच्या तबेल्यात घोड्यांची देखभाल करायचे. माणूस सरळ, बोलायचा कमी. आक्काला मूलबाळ झालं नाही. आणि आमच्याकडं रीत अशी, की लेकीला लेकरू होत नाही तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. प्यायलं तर लेकीच्या संसाराला बाधतं म्हणतात. मग जायचं कसं? म्हणून माय कधी गेलीच नाही. दर दिवाळीला भाऊबीजेला मी जायचो, ओवाळून घ्यायचो, परत यायचो. मायला सांगायचो, बरी आहे. माय म्हणायची, बरं.

मग आक्काला ताप आला. ताप उतरला, पण पायांतलं बळ घेऊन गेला. दाजींचा निरोप आला तो एवढाच: उठता येत नाही, भिंतीकडं तोंड करून पडून असते, खात नाही, आणि म्हणते, भावाला सांगा, नदीवरून दिसतं ते गाव एकदा डोळ्यांनी बघायचंय, फोटू काढून आण.

मी लगेच कामाला लागलो. दुसरं मला येत काय होतं? बहिणीला मी उठवून बसवू शकत नव्हतो, पण गावाचा फोटो काढू शकत होतो. आमचं घर पेठेत, नदीच्या अलीकडं. गाव पलीकडं. त्या वेळी नदीला पाणी असायचं, पाली गावाजवळचं धरण कुठं होतं अजून. म्हैशी डुंबतात त्या डोहापासून सुरुवात केली. तिथून मशिदीचे मिनार छान दिसायचे, पण पुढं म्हैशींची शिंगं. खाली वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या. तिथून तट आणि वेस सरळ रेघेत यायची, पण मधेच एक लिंबाचं झाड असं आडवं पसरलेलं की देवळाचा कळस पार झाकून टाकायचं. मी त्या झाडाला शिव्या घातल्या. वाडीवाला म्हणाला, "झाडावर कावून चिडता? तुमीच सरका की." सरकलो, तर पाय चिखलात रुतला.

असा हिंडताना चौकीतल्या एका जवानानं मला हटकलं. त्याला वाटलं, मी नदीचा नकाशा काढतोय. "क्या नाप रहे मियाँ?" मी म्हटलं, बहिणीसाठी गाव मोजतोय. बहीण आजारी आहे म्हटल्यावर तो नरमला. त्याचीही बहीण परभणीकडं दिलेली होती. शेवटी त्यानंच सुचवलं, वर खंडोबाच्या टेकडीवर जा, सगळं एका नजरेत येतं.

आणि खरंच आलं. टेकडीवरून नदी चांदीच्या तोड्यासारखी वळलेली, तिच्या कडेनं धाब्याची घरं, वेस, मिनार, कळस, मागं डोंगराची निळी कड. काच धुतली तेव्हा मी स्वतःवरच खूष झालो. एवढं साफ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं, फडक्यात गुंडाळलं आणि भाऊबीजेला निघालो. जालन्यापर्यंत लॉरी, तिथून आगगाडी. फोटो सगळ्या वाटेभर मांडीवर ठेवला.

आक्का वाळून गेलती. मला बघून हसली, पण ते हसू तोंडापुरतंच. दाजींनी तिला पाठीशी उशी दिली. मी फोटो तिच्या हातात ठेवला आणि बोट दाखवून सांगायला लागलो, हा मिनार, ही वेस. तिनं बराच वेळ बघितलं.

"लई चांगला हाय," ती म्हणाली. "पर हे कोनतं गाव?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "कोणतं म्हणजे? आपलं. खंडोबाच्या टेकडीवरून काढलंय."

"टेकडीवरून मी कवा बघितलं रं? खंडोबाला गेलते तवा डोईवर पदर, नजर पायऱ्यांवर. मागं वळून गाव बघत उभं राह्यची पोरीची टाप होती का?"

"मग कुठून बघितलंस?"

"धुन्याच्या दगडावरून. रोज सकाळी. कापड आपटून मान वर केली की दिसायचं तेवढंच माझं गाव. बसल्यावर दिसतं तेवढं." आणि फोटो बाजूला ठेवून तिनं तोंड परत भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं, हिला आता माझ्याकडून काही नको. तेवढ्यात भिंतीकडं बघतच ती म्हणाली, "तेवढं जमलं तर बघ. न्हाई जमलं तर न्हाई."

निघताना दाजी गल्लीच्या तोंडापर्यंत आले. हकीम काय म्हणतो, मी विचारलं. ते म्हणाले, औषध पोटात जातं, मन त्यात नाही. जगायची इच्छाच धरत नाही ती.

परत आलो, आणि अडचण ध्यानात आली. धुण्याचे दगड म्हणजे बायकांचा पाणवठा. सकाळी पुरुषमाणूस तिकडं फिरकत नसे. गुराख्यालासुद्धा गुरं पाण्यावर न्यायची तर लांबूनच खाकरून, खालच्या अंगानं न्यावी लागायची. फोटो दुपारनंतर काढावा, तर सूर्य गावामागं जातो आणि गाव काळं ठिक्कर दिसतं. ऊन समोरून पडतं ते सकाळीच. म्हणजे बायका गुडघ्यापर्यंत लुगडी खोचून धुणं धुताहेत, आणि मी तिथं डबडं घेऊन उभा. गावानं माझी हाडं मोडली असती, आणि बरोबरच केलं असतं.

मायला सांगितलं तर ती कडाडली. "आयाबहिनींच्या पानवठ्यावर येतूस? लाज हाय का काही?"

मी म्हटलं, "मला हौस न्हाई. तुझ्या लेकीनं मागितलंय. ती खात न्हाई, माय. भिंतीकडं तोंड करून पडलीय." इतके दिवस मी मायला 'बरी आहे' म्हणत आलो होतो, ते त्या दिवशी माझ्या तोंडून निघेना.

माय चुलीपुढं बसून राहिली. भाकरी करपली तरी तिला वास आला नाही. मग म्हणाली, "बायकांस्नी इचारते."

विचारलं तिनं. काय विचारलं, कसं विचारलं, मला कधी कळलं नाही. एवढं कळलं, की त्यांतल्या बहुतेकींच्या लेकी कुठंतरी लांब दिलेल्या होत्या. केजला, नांदूरघाटाला, कुणाची पार गंगाखेडाकडं. एका सकाळी माय म्हणाली, चल. पाणवठ्यावर गेलो तर सगळ्या जणी धुणं आवरून वर दरडीवर जाऊन बसल्या होत्या, नदीकडं पाठ करून. हसत होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या. एक म्हातारी मागं न बघताच म्हणाली, "काढ बाबा लवकर, घरी चुली खोळंबल्यात."

मायनं मला आक्काचा दगड दाखवला. काठाला लागून, एका बाजूला टवका उडालेला. त्याच्यामागं मी कॅमेऱ्याची तिवई लावायला गेलो तर ती फार उंच. शेवटी तिवई टाकून दिली, घमेलं पालथं घातलं, त्यावर कॅमेरा ठेवला आणि मी पोटावर पडून फडक्यात डोकं घातलं. तेव्हा पहिल्यांदा मला ते गाव दिसलं. मिनार अर्धेच. वेस दिसेना. कळसाचं टोक तेवढं. मोठं होतं ते पाणी, आणि पाण्यात उतरलेला तट. टेकडीवरून बघितलेल्या गावाशी याचं काही नातंच नव्हतं. मी या काठाला जन्मलो आणि हे गाव कधी बघितलं नव्हतं.

भिंगावरचं झाकण काढणार तेवढ्यात माय पुढं झाली आणि पिळलेलं ओलं लुगडं त्या दगडावर ठेवून बाजूला सरली. मी फडक्यातूनच ओरडलो, "काढ ते. सगळी शोभा घालवलीस."

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, समोरच येतंय ते."

"राहू दे म्हनलं ना."

तिच्याशी वाद घालण्यात ऊन गेलं असतं. दात-ओठ खात मी फोटो काढला.

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन मी परत हैदराबाद गाठलं. या वेळी बोट दाखवून काही सांगायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो. आक्का भिंतीकडंच तोंड करून होती. फोटो तिच्यासमोर धरला आणि गप्प बसलो.

तिनं हात बाहेर काढला. मिनारावर नाही, तटावर नाही, बोट सरळ दगडावर ठेवलं. "माझा दगड." मग बोट थोडं सरकलं. "हे लुगडं मायचं. हे ठिगळ मीच लावलंय, लगनाच्या आधी." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पर मायचा दगड तर वरल्या अंगाला, लिंबाखाली. सावलीचा. तो सोडून ती हितं उनात कावून धुती?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगतो, मी कधी बघायलाच गेलो नव्हतो. पण मायनं ते लुगडं का ठेवलं, हे त्या क्षणी उमगलं. सासरी गेलेल्या लेकीचा दगड दुसरी कुणीही घेऊ शकते, तशीच चाल आहे पाणवठ्यावर. तो कुणी घेऊ नये म्हणून माय आपली सावली सोडून इतकी वर्षं तिथं बसत होती. आक्कालाही ते कळलं. ती रडली, पोटभर रडली, आणि मी तिला रडू दिलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "मायला म्हनावं, माझ्या दगडाशी बसती, तशी माझ्या उशाशी येऊन बस. पानी न्हाई पिली तरी चालंल."

हा निरोप मी जसाच्या तसा सांगितला. माय ऐकत होती, हातातलं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिनं दशम्या केल्या होत्या, शेंगाची चटणी बांधली होती आणि पितळेची बारकी कळशी घासून लख्ख केली होती. कळशी नदीतून भरून आणली, तोंडाला फडकं बांधलं.

"हे हैदराबादेपर्यंत न्यायचं?" मी कपाळावर हात मारला.

"तिच्या घरचं घ्यायचं न्हाई. माझं माझ्यापाशी असलं तर कोन काय म्हनंल?"

लॉरीत ती कळशी तिच्या मांडीवर, आगगाडीत तिच्या मांडीवर. मला हात लावू दिला नाही. सांडेल म्हणून ती नीट झोपलीही नाही. वाटेत स्वतः घोटभरच प्यायची आणि परत फडकं बांधायची.

घरात शिरल्यावर माय थेट आक्काच्या उशाशी बसली, तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. आक्कानं पाणी मागितलं. दाजी माठाकडं वळले, पण मायनं त्याआधीच फडकं सोडून कळशी भांड्यात कलती केली. आक्कानं एक घोट घेतला आणि थांबली. "हे आपलं हाय," ती म्हणाली. आणि दोन्ही हातांनी भांडं धरून पीत सुटली. माय ओतत राहिली, ती पीत राहिली. मी म्हटलं, माय, तुला काय राहील? माझं ऐकतंय कोण.

दिवस मावळेपर्यंत कळशी रिकामी झाली. दशम्या अजून होत्या, पण पाणी संपलं म्हणजे मायचं राहणं संपलं. उद्या निघावं लागंल, असं ती हळूच म्हणाली. आक्कानं तिचा पदर धरला.

दाजी उठले. कळशी उचलून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं भरून घेऊन आले आणि मायपुढं ठेवली. अंगरखा ओला झाला होता.

"तबेल्याच्या आडाचं हाय," ते खाली बघत म्हणाले. "घोड्यांचं. आमच्या घरचं न्हाई."

मायनं त्यांच्याकडं बघितलं. मग ओंजळ पुढं केली.

"वाढा," ती म्हणाली. "आता पोरगी उठून बसंस्तवर मी हलत न्हाई."