चपला पायातच होत्या

मल्लू गेल्याची बातमी भाच्यानं फोनवर सांगितली. मल्लू म्हणजे माझा धाकटा भाऊ, मल्लिनाथ. "आत्या, बाबा सिग्नलला थांबले होते... मागून ट्रकनं धडक दिली." मी ज्वारी निवडत होते. सूप खाली ठेवलं. रडू आलं नाही, राग आला. तो अजून जात नाही.

भवानी पेठेत मल्लूचं टॉवेल-चादरींचं दुकान. गिऱ्हाइकाशी इतकं हळू बोलायचा की समोरच्याला कान पुढं करावा लागे. रविवारी सकाळी मात्र त्याच्या अंगात यायचं. मोहोळच्या वाटेला एक रस्ता अर्धवट बांधून सोडलाय, पुढं नुसता मुरमाचा ढीग. तिथं आपली छोटी गाडी न्यायची, हँडब्रेक ओढायचा, क्लच दाबून इंजिन बोंबलेपर्यंत रेस करायचं आणि सगळं एकदम सोडायचं. चाकं किंचाळायची, क्लच जळाल्याचा वास यायचा. काटा साठावर किती लवकर पोचतो, एवढंच त्याला बघायचं असे. नातवंडं असलेला माणूस! मी चौथी शिकलेली, पण हे खुळ्याचे धंदे आहेत एवढं मलाही कळत होतं. तसं तोंडावर सांगायची, आणि पुढच्या रविवारी परत शेजारी जाऊन बसायची.

वेळ मोजायचं काम माझं. मोबाइलचं घड्याळ मला जमेना, म्हणून मी "शिव शिव" म्हणत मोजायची.

"किती शिव झालं, अक्का?"

"लई झालं. तुझी गाडी म्हातारी झाली."

"गाडी न्हाय, तूच भराभर म्हनतीस. देवाचं नाव जरा सावकाश घे की!"

गाडी सोडण्याआधी तो चपला काढायचा. क्लच कुठं धरतो ते उघड्या तळव्यालाच कळतं, म्हणायचा. चपला रस्त्याच्या कडेला ठेवायचा. तीच आमची सुटायची रेघ. एकदा त्या तिथंच विसरून अनवाणी दुकानात उतरला आणि दिवसभर तसाच गल्ल्यावर बसला. गावात मात्र चपला पायात, आणि गाडी इतकी सावकाश की रिक्षावाले शिव्या घालायचे.

माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी ट्रकमालकाचा माणूस आला. म्हणाला, "त्यांना जोरात गाडी काढायचा नाद होता म्हणे. आमचा ड्रायव्हर सांगतो, गाडी एकदम उसळली आणि मधेच थांबली." भाचा मान खाली घालून म्हणाला, "व्हय, नाद होता." बसलेल्या लोकांनी माना हलवल्या. मेलेल्या माणसावर घालायला किती सोपं!

मी उठले. "दवाखान्यात त्याच्या चपला मी काढल्या, माझ्या हातानं. मागचा पट्टा लावलेला होता. नाद करताना बापानं कधी चपला घातल्या होत्या का? सांग की यांना!"

भाच्यानं मान वर केली. म्हणाला, "न्हाय. कदी न्हाय."

"मग तो लाल दिव्याला उभा होता. तुला पोलिसात हेच सांगायचंय."

तो माणूस चहा न घेता गेला. भाच्यानं जबाब तसा दिला. पुढं काय होईल ते होईल... पण जोरात सुटायचं वेड असलेला माझा भाऊ उभ्या जागी मारला गेला, आणि दोष त्यालाच द्यायला निघाले. हे मी ऐकून घेणार नाही.

कपडे वाटून टाकले. चपला मी दिल्या नाहीत. केस उभी राहील तेव्हा पिशवीत घालून नेणार आहे. तोवर माझ्या उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडं तोंड करून ठेवल्यात. रोज केर काढताना उचलते, खालचं झाडते आणि परत तिथंच ठेवते, रेघेवर.