दाराची सोय

निवृत्तीनंतर जुन्या गुन्ह्यांचे तपशील एकमेकांत मिसळू लागतात. कोणता आरोपी कोणत्या वर्षी सापडला, हे कागद पाहिल्याशिवाय आता मला सांगता येत नाही. कसबा बावड्यातील दुपारच्या घरफोड्या मात्र मला क्रमाने आठवतात. त्या प्रकरणात मी एका निर्दोष माणसाला दोन दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवले होते.

साखर कारखान्याच्या पलीकडे उसाची शेते संपतात, तिथे नवी वसाहत झाली आहे. घरे सुटी, एकमजली. नवरा-बायको दोघेही नोकरीला जात असल्याने दुपारी निम्म्या घरांना बाहेरून कुलूप असते. दोन महिन्यांत तिथे सात घरे फुटली. सगळ्या चोऱ्या दुपारी बारा ते चारच्या दरम्यान झाल्या होत्या. कुलूप शाबूत असे. चौकटीतला कोयंडा मात्र मुळासकट बाहेर आलेला असे. कपाटातले दागिने गेलेले असत आणि शेजाऱ्यांनी काहीही ऐकलेले नसे.

घरफोडीच्या ठिकाणी पोलिसांची कामे ठरलेली असतात. आधी कुणाला आत जाऊ द्यायचे नाही. मग श्वानपथक, ठसेतज्ज्ञ, दोन पंच, पंचनामा. यात तीन तास सहज जातात. या तीन तासांत घरचे लोक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. चौथे घर एका निवृत्त शिक्षिकेचे होते. बाई एकट्या राहत. त्यांनी मला विचारले, "साहेब, पाटल्या गेल्या त्या गेल्या. आज मी दार कसं लावू ते सांगा."

मी हवालदाराकडे पाहिले आणि गाडीत बसलो. गाडी वळत असताना एक सुतार मेस्त्री सायकलवरून आला. मागे फळी बांधलेली, हँडलला हत्यारांची पिशवी. त्याचे काम मी नंतर पाहिले. फाटलेल्या चौकटीवर त्याने सागवानी पट्टी बसवली होती, जुन्या भोकांच्या वीतभर खाली नवी कडी लावली होती आणि ती आरपार नटबोल्टने आवळली होती. हे तात्पुरते काम होते, पण मूळ दारापेक्षा मजबूत होते.

सातव्या चोरीनंतर वरिष्ठांचे फोन वाढले. त्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकाजवळ चहा विकणारा आमचा खबरी ठाण्यात आला.

"साहेब, एक इचारू? चोरी झाली की त्याच दिवशी मेस्त्री हजर हुतोय. त्येला काय वास येतोय काय?"

"तुला काय म्हणायचंय?"

"मी काय बी म्हणत न्हाय. पर त्येच्या शेडात एक पोतं हाय. फुटक्या कोयंड्यांचं. बघा जाऊन."

आम्ही पंच घेऊन गेलो. पोते होते. त्यात सात पुरचुंड्या होत्या. प्रत्येक पुरचुंडीत एक तुटका कोयंडा, उरलेले स्क्रू आणि प्लायवूडचा एक तुकडा. तुकड्यावर पेन्सिलीने आडनाव आणि प्लॉटचा नंबर. फुटलेली सातही घरे त्या पोत्यात होती. गुन्हा उघडकीस आला, असे मी तिथेच उभ्या उभ्या वरिष्ठांना कळवले.

मेस्त्रीला चौकातून गाडीत घेतले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. चहाच्या गाड्यावर वीस-पंचवीस माणसे होती.

चौकशी माझ्या खोलीत झाली. हवालदार माझ्या मागे उभा होता.

"हे काय आहे?" मी पोते टेबलावर ओतले.

"मापं हाईत साहेब."

"कसली मापं?"

"दाराची. त्या दिवशी नुसती पट्टी मारून देतोय. पक्कं काम मागनं. जुना कोयंडा जवळ असला की भोकाचं माप ऱ्हातंय. पुन्हा कुणाच्या दारात टेप घिऊन जायाला नको."

"चोरी झाली हे तुला कळतं कसं? स्वप्न पडतं?"

"फोन येतोय."

"कुणाचा?"

मेस्त्रीने मान खाली घातली. "ते तेवढं इचारू नका साहेब."

पुढचे चार तास तो या एका प्रश्नाला उत्तर देत नव्हता. बाकी सगळे सांगत होता. कोणत्या दाराला कोणते लाकूड, कुणाची चौकट वाळवीने खाल्लेली, कुणी चहा दिला. नाव मात्र नाही. आमच्या धंद्यात अशा गप्प राहण्याचा एकच अर्थ काढला जातो. मीही तोच काढला. संध्याकाळी त्याला घरी सोडले, सकाळी दहाला पुन्हा बोलावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. तिने डबा ठाणे अंमलदारापुढे ठेवला आणि थेट माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"साहेब, ज्या बंगल्यावर ह्यांचं काम चाललंय तिथनं निरोप आलाय. रंधा-करवत घिऊन जावा म्हणून. काल दोन घरांनी नको म्हणून सांगितलं, आज हे तिसरं. चोर असला तर आत घाला. नसला तर तसं चारचौघांत सांगून सोडा. असं मधीच टांगून ठेवू नका. मेस्त्रीला लोकांनी दारात उभं केलं न्हाय तर त्यानं करायचं काय?"

मी तिला बाहेर बसायला सांगितले.

तासाभराने त्याच्या मोबाईलचे कॉल तपशील आले. सातही चोऱ्यांच्या दिवशी त्याला एकाच नंबरवरून फोन आला होता. नंबर शोधावा लागला नाही. तो माझ्या मोबाईलमध्ये नावासकट साठवलेला होता. मी हवालदाराला आत बोलावले आणि दार लावून घेतले.

"हा नंबर कुणाचा?"

"माझा, साहेब."

"दोन दिवस माझ्या मागं उभे होता. तोंड का उघडलं नाही?"

"काय सांगणार? पोतं निघालं. मेस्त्रीकडनं टक्केवारी खातो म्हणतील. पेन्शनला दीड वर्ष ऱ्हायलंय साहेब. त्येला मीच बोललोतो, माझं नाव कुठं घेऊ नका. त्यानं न्हाय घेतलं."

"त्याला बोलवायचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

हवालदार म्हणाला, "तुम्हीच की साहेब."

पहिली चोरी झाली त्या दिवशी ठाण्यात माणसे कमी होती. उघड्या घरावर पहारा ठेवायचा तर एक शिपाई अडकत होता. मी गाडीत बसता बसता म्हणालो होतो, "दाराची काहीतरी सोय करा." हवालदाराने सोय केली. नंतरच्या प्रत्येक चोरीत त्याने तोच आदेश चालू आहे असे धरले, आणि ते बरोबरच होते. मी मात्र ते वाक्य विसरलो होतो. स्टेशन डायरीत त्याची नोंद नव्हती. कुठेच नव्हती.

मी मेस्त्रीला बोलावले. "तुम्ही जाऊ शकता. तुमच्याविरुद्ध काही नाही."

तो जागचा हलला नाही. टेबलाकडे बघत होता. "आणि मापं?"

"ती आता मुद्देमाल म्हणून जप्त आहेत."

"मग ठेवा. पर नुसती ठेवू नका. बघा तरी एकदा."

त्याने सातही कोयंडे ओळीने मांडले. "पहार घातली असती तर कोयंडा वाकला असता, लाकडावर वळ उठला असता आणि आवाज झाला असता. ह्यो वाकला न्हाय, पिळलाय. दोन्ही अंगाला दाब हाय बघा. पान्यात धरून पिरगाळलाय. आणि हितं..." त्याने नखाने एक तिरकी खाच दाखवली. सातही कोयंड्यांवर ती एकाच बाजूला होती. "पान्याचा एक जबडा कधीतरी मोडलाय आणि वेल्डिंग करून घेतलाय. त्या वेल्डिंगचा फुगवटा हितं उठतोय."

"प्लंबर असेल?"

"प्लंबरच्या पान्याला दातं असत्यात. ह्यो बारका, सपाट हाय. माझा मेव्हणा इचलकरंजीला जॉबर हाय, लूम दुरुस्त करतोय. त्येच्याकडं असलंच पानं बघितल्यात. मोडला तर जोडून घेत्यात, टाकत न्हाईत. हाताला बसलेला असतोय."

माझ्या सातही पंचनाम्यांत एकच वाक्य होते: 'कडी-कोयंडा उचकटलेला दिसून आला.' लेखनिकाने ते पहिल्या पंचनाम्यातून उचलून पुढच्या सहांत उतरवले होते आणि खाली सह्या माझ्या होत्या. एकही कोयंडा आम्ही जप्त केला नव्हता. आम्हाला तो भंगार वाटला होता.

मी मेस्त्रीला म्हणालो, "गाडीनं सोडतो."

"गाडी नको साहेब. गाडीत बसूनच हितवर आलोय." तो आणि त्याची बायको चालत गेले.

आम्ही वसाहतीत पुन्हा घरोघरी फिरलो. आधीच्या फेरीत विचारले होते, कुणी अनोळखी माणूस दिसला का? सगळ्यांनी नाही म्हटले होते. या वेळी प्रश्न बदलला: इचलकरंजीकडचे कोण येते?

निवृत्त शिक्षिका लगेच म्हणाल्या, "आमचा चादरवाला येतो की. मोटारसायकलवर गठ्ठा बांधून. पण तो अनोळखी कुठं? दोन वर्षं येतोय. मीच त्याला सांगितलंय, मंगळवारी येत जाऊ नको, दुपारी मी भजनाला..." वाक्य अर्धे सोडून त्या खुर्चीत बसल्या. त्यांचे घर मंगळवारी फुटले होते.

चादरवाला इचलकरंजीजवळ कबनूरला एका खोलीत राहत होता. पूर्वी लूमवर जॉबर होता. लूमची शेड बंद पडल्यावर चादरी विकू लागला. पाना मोटारसायकलच्या डिकीत, फडक्यात गुंडाळलेला मिळाला. चौकशी लांबली नाही. तासभर तो सगळे नाकारत होता. मग मी पाना आणि शिक्षिकेच्या दाराचा कोयंडा त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले.

"बसवून बघ."

त्याने हात पुढे केला नाही. "पाना माझाच हाय साहेब. सतरा वरसं ह्येच्यावर पोट हुतं." पुढे त्याने सातही घरे क्रमाने सांगितली. निम्मे दागिने परत मिळाले. पाना आणि खाचा जुळत असल्याचा अहवाल प्रयोगशाळेने दिला. न्यायालयात बचावाच्या वकिलांनी कोयंडे पोलिसांकडे नव्हे, एका सुताराच्या पोत्यात होते यावर जोर दिला. मेस्त्री साक्षीला उभा राहिला. कोणता कोयंडा कुठल्या घरचा हे कशावरून, असे विचारल्यावर तो म्हणाला, "मीच काढलाय, मीच लिवलंय." उलटतपासणी तिथे थांबली आणि आरोपीला शिक्षा झाली.

खटल्याची हकिगत इथे संपते. पण खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी, आरोपी पकडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच, त्या वसाहतीत आणखी एक दार फुटले. हा चोर वेगळा, नवशिका होता. माणसे जमताच पळाला. दार मात्र बिजागरीतून निखळले होते. घरात बाळंतीण होती. हवालदाराने मेस्त्रीला फोन लावला, बोलणे ऐकले आणि फोन माझ्या हातात दिला.

"येतो साहेब," मेस्त्री म्हणाला. "पर फोनवर बोलावणं नको. चिठ्ठी पायजे. तुमची सही आणि ठाण्याचा शिक्का."

त्याला अजून पूर्वीसारखे काम मिळत नव्हते, हे मला माहीत होते. चोर सापडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती; मेस्त्री सुटल्याची आली नव्हती. लोकांनी त्याला गाडीत चढताना पाहिले होते आणि तेवढेच त्यांच्या लक्षात होते. मी शिपायाला शिक्का आणायला पिटाळले. मेस्त्री आला आणि समोरच्या कट्ट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. दाराला त्याने हात लावला नाही. निखळलेले दार मी आणि हवालदार दोन बाजूंनी धरून उभे होतो.

शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "काय साहेब, आज तुमीच दरवान व्हय?"

"आज मीच," मी म्हणालो.

तोंडी आदेश देणारा विसरून जातो आणि तो पाळणारा अडकतो, हे मी तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिले होते. स्वतःच्या बाबतीत ते कळायला मला ही घटना लागली. त्यानंतर फुटलेल्या दाराचा प्रत्येक सुटा भाग जप्त होऊ लागला, आणि दार सुरक्षित करायला कुणाला बोलावले याची नोंद डायरीत माझ्या सहीने होऊ लागली. कोणत्याही परिपत्रकात ते नव्हते. आमच्या ठाण्यापुरते आम्ही ते पाळले.

चाळीस मिनिटांनी शिक्का आला. मी चिठ्ठी लिहिली: फुटलेले दार बंद करण्यासाठी पोलीस ठाण्याने या मेस्त्रींना बोलावले आहे, त्यांच्यावर पोलिसांचा विश्वास आहे. सही केली. मेस्त्रीने ती वाचली, शिक्का उन्हात धरून पाहिला. तोवर कुंपणापाशी दहा-बारा माणसे गोळा झाली होती. त्याने चिठ्ठी आजोबांच्या हातात दिली.

"वाचा आजोबा. जरा मोठ्यानं."

आजोबांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग मेस्त्रीने पिशवी उघडली.