करपलेली भाकरी

सुनेच्या तव्यावर भाकरी करपली की मला वडूजचा तंबूतला सिनेमा आठवतो. मी तेव्हा नवी सून होते. त्या सिनेमातल्या नटीला रडण्याच्या कामाबद्दल मोठं बक्षीस मिळालं होतं, आणि मला तो पुन्हा बघायचा होता. सासूबाई शेंगा फोडत म्हणाल्या, "रडायचं कसलं बक्षीस? तिच्यापरीस मी बरी रडते." मी म्हटलं, "मग रडून दावा. जमलं न्हाई तर मला सिनेमाला धाडायचं." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि असा हेल काढला की डालग्यातल्या कोंबड्या फडफडल्या. तेवढ्यात शेजारीण पिठाच्या हातांनी धावत आली, सासूबाईंच्या गळ्यात पडली आणि तीही हेल काढून रडायला लागली. आमच्याकडं आधी रडतात, मग विचारतात. बऱ्याच वेळानं नाक पुसून ती म्हणाली, "आवं, पण गेलं कोण?" "कोण न्हाई, सिनेमाचं चाललंय," सासूबाई म्हणाल्या. "माझी भाकरी तव्यावर हाय की," ती ओरडली. करपल्याचा वास तोवर आमच्या दारात आला होता. आम्ही तिघी हसून लोळलो. पैज मी हरले होते, पण सासूबाई इतक्या खूश झाल्या की संध्याकाळी आम्हा दोघींना त्यांनीच सिनेमाला नेलं. नटी रडायला लागली तशा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हिच्यानं कुणाची भाकरी करपायची न्हाई." हल्ली नातवंडं टीव्हीवर बक्षिसांचे कार्यक्रम बघतात आणि मला मत विचारतात. ते बक्षीस चुकीच्या घरी गेलं, हे माझं मत अजून बदललेलं नाही.