उसना हशा

"मागल्यांना ऐकाया येतंय काय?"

माइक तपासताना काका 'हॅलो, वन टू थ्री' कधीच म्हणाले नाहीत. माइकवर नखाने दोनदा टकटक करायची आणि हा प्रश्न विचारायचा. शेवटच्या रांगेतून कुणी "येतंय" म्हणेपर्यंत कार्यक्रम सुरू होत नसे, मग पहिल्या रांगेत पुढारी का ताटकळेना. "फुडच्यांना काय, कर्णा नसला तरी ऐकाया येतं," म्हणायचे.

असा साउंडवाला तुमच्याही गावात असेल. नमन-जाखडीचे खेळ, साखरपुडा, सगळीकडे तोच. रत्नागिरीत आमच्या चौघांच्या हिप हॉप ग्रुपला पहिला माइक काकांनीच दिला. बाकीच्यांनी 'ही कसली बडबड' म्हणून वाटेला लावलं होतं. काका तालमीला येऊन बसले, एक गाणं पुरतं ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो तर आमचा शक्ती-तुराच की! सवाल टाकायचा, जवाब मागायचा. निस्ती ढोलकी कुठं इसरलात रं?"

पुढे लाइव्ह अल्बम करायचं ठरलं. गावाबाहेरच्या मैदानावर संध्याकाळी कार्यक्रम करायचा, काकांनी तो रेकॉर्ड करायचा आणि मुंबईच्या एका कंपनीने बाजारात आणायचा. कातळ विकत घेऊन कुंपणं घालणाऱ्यांवर आमची गाणी होती. काकांच्या गावचा सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, तोही तसाच गेला होता. शिमग्यात पालखी ज्या वाटेने जायची, तिथे काटेरी तारा आल्या होत्या. म्हणून आम्ही म्हटलं, काका, सुरुवातीला देवाला घालतात ते गाऱ्हाणं तुम्हीच घाला.

आयुष्यभर माइकच्या मागे राहिलेला माणूस पहिल्यांदाच पुढे आला. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ज्यांनी तुझी वाट अडवली, त्यांना तुझ्याच दारात जवाब द्यायला उभं कर रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टेम्पो करून आलेला त्यांचा अख्खा गाव ओरडला. त्यासाठीच काकांनी गर्दीत बांबू रोवून त्याला दोन माइक बांधले होते. कुणी हसलं नाही. पुढे उभ्या दोन-तीन बायका तर रडत होत्या.

आता रागाचं सांगतो. कंपनीतल्या शहाण्याला ते गाऱ्हाणं विनोदी वाटलं. नाटकात 'म्हाराजा' आलं की हसायचं, एवढंच कोकण त्याला ठाऊक. त्याने लोकांचं "व्हय म्हाराजा" कापलं आणि तिथे दुसऱ्याच कुठल्या तरी कार्यक्रमातला हशा आणून चिकटवला. मंजुरीसाठी अल्बम माझ्याकडे पाठवला होता. मी फक्त माझी कडवी ऐकली, माझ्या आवाजावर खूश झालो आणि 'ओके' लिहून मोकळा झालो.

काकांनी अल्बम आपल्या साउंडच्या दुकानात बसून हेडफोनवर ऐकला. मी समोरच होतो.

"हसले?" त्यांनी विचारलं.

"काका, ते मुंबईत केलंय..."

"त्या दिशी कोण हसला न्हवता रं. तू ऐकलंवतंस ना आधी?"

मी फक्त माझी कडवी ऐकल्याचं सांगितलं.

"गाव माझ्या शब्दावर आलता. आमी देवाफुडं रडलो, ते तुमी हसण्यावारी नेलंत."

हेडफोनची वायर नीट गुंडाळून त्यांनी खणात ठेवली. मला चहासुद्धा विचारला नाही.

मी कंपनीला फोन केला. उत्तर आलं, "अहो, तोच तर सगळ्यात हिट तुकडा आहे, लोक त्यावर रील करतायत!" तोंडाला येतील त्या शिव्या मी घातल्या. त्यातल्या निम्म्या माझ्याच वाट्याच्या होत्या. बदललं काहीच नाही. काका पुन्हा आमच्या कार्यक्रमाला आले नाहीत. बाजारात भेटले की आईची तब्येत विचारतात आणि पुढे जातात.

यंदा त्याच मैदानावर आमचा कार्यक्रम झाला. साउंड कोल्हापूरहून आला होता, माणसापेक्षा उंच खोकी. काकांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. त्यांच्या गावचंही कुणी दिसलं नाही. मी ठरवलं होतं, जे बिघडवलं ते इथेच दुरुस्त करायचं. हात जोडले, डोळे मिटले आणि काकांचं गाऱ्हाणं शब्दन् शब्द घातलं. "जवाब द्यायला उभं कर रं म्हाराजा!" म्हणून थांबलो.

मैदान भरलेलं होतं. सगळी आमचीच, रत्नागिरीची माणसं. अल्बममध्ये जिथे हशा आहे, बरोबर तिथे ती सगळी खदाखदा हसली.